तुम्हाला कामावरून कोण काढू शकतं?

अमेरिकेत कंपनी नोंदवायला व्हिसा लागत नाही. कोथरूडच्या घरात बसून, एखाद्या एजंटामार्फत ऑनलाइन कागद भरून डेलावेअर राज्यात कंपनी काढता येते आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. कंपनी त्या दिवसापासून अमेरिकी. तिथल्या गुंतवणूकदारांचे पैसे ती घेऊ शकते, तिथल्या माणसांना नोकरीवर ठेवू शकते, तिथल्या सरकारला कर भरते. अडतं एकाच ठिकाणी. जिने किंवा ज्याने ती काढली, त्या माणसाला तिच्या ऑफिसात बसून काम करायचं असेल, तर त्यासाठी अमेरिकेच्या कायद्यात वेगळा व्हिसाच नाही.

इंजिनिअरसाठी आहे. खेळाडूसाठी, नटासाठी, धर्मोपदेशकासाठी, परदेशी वार्ताहरासाठी आहे. संस्थापकासाठी नाही. ही गोष्ट नजरचुकीने राहून गेलेली नाही. २०१० पासून हा विषय तिथल्या संसदेत पुन्हापुन्हा येतो आणि दरवेळी पडतो.

मग संस्थापक काय करतो? स्वतःच्याच कंपनीचा नोकर व्हायला बघतो.

एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. अर्ज कंपनी करते, येतो तो नोकर, आणि दोघं वेगळे असणार हे कायदा धरूनच चालतो. दोघं एकच असले तर? जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक धाडलं. कंपनीचा त्या नोकरावर ताबा आहे का ते तपासा, असं त्यात होतं. काम कोण नेमून देतं, देखरेख कोण करतं, पगार कोण ठरवतं, काढून कोण टाकू शकतं. रोख होता दुसऱ्यांच्या ऑफिसांत माणसं पुरवणाऱ्या आयटी कंपन्यांवर, पण त्याच जाळ्यात संस्थापकही सापडले. कंपनीचे सगळे शेअर ज्याच्याकडे, त्याला कोण काढणार? कोणी नाही. म्हणजे हा नोकर नाही. म्हणजे व्हिसा नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये खात्याने एक वाट दाखवली. कंपनीला संचालक मंडळ असेल आणि ते मंडळ संस्थापकाला काढून टाकू शकत असेल, तर अर्जाचा विचार होईल. तेव्हापासून वकील संस्थापकांना पहिला सल्ला हाच देऊ लागले: तुम्हाला हाकलू शकतील असे लोक मंडळावर घ्या आणि तसं कागदावर लिहा. स्वतःची कंपनी उभी करायला निघालेल्या माणसाला, तुला इथून कोण काढू शकतं, हे सिद्ध करायला लावणं म्हणजे घरमालकाकडे भाड्याची पावती मागणं. हा प्रश्न विचारून सरकारला काय कळतं? धंदा खरा की खोटा, ते कळत नाही. माणूस लायक की नालायक, तेही कळत नाही.

पगाराचं आणखी एक लचांड आहे. एच-१बीवर त्या भागातला, त्या कामाचा प्रचलित पगार द्यावाच लागतो. नवी कंपनी काढणारा माणूस पहिली एक-दोन वर्षं स्वतःला पगार घेत नाही, घेतलाच तर जेमतेम घेतो. ही त्याची काटकसर, आणि कंपनी तीवरच तगते. व्हिसासाठी त्याने स्वतःला सिलिकॉन व्हॅलीच्या दराने पगार दिला पाहिजे, म्हणजे गुंतवणूकदाराचे पैसे कामात न घालता आपल्याच खात्यात वळवले पाहिजेत.

एवढं करून सोडत आहेच. वर्षाला ६५,००० व्हिसा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी साडेसात लाखांहून अधिक पात्र नोंदण्या आल्या. त्यांतल्या चार लाखांवर नोंदण्या एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. ज्यांना यंत्रणा वाकवता येते त्यांनी ती वाकवली. चारजणांच्या कंपनीला ते जमणारं नव्हतं. २०२४ मध्ये खात्याने माणशी एकच संधी असा नियम केला. तो योग्यच होता, पण उशिरा आला.

२०१० चं परिपत्रक न्यायालयीन निकालानंतर जून २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. जानेवारी २०२५ पासून नवा नियम आला आणि अर्ध्याहून अधिक मालकी असलेल्या संस्थापकालाही एच-१बी मिळेल असं त्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं. इतरांना तीन वर्षांचा व्हिसा आणि संस्थापकाला पहिल्या दोन वेळा अठरा-अठरा महिन्यांचाच. तरीही दार उघडलं होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. तेव्हाच्या दराने आपले सुमारे ८८ लाख रुपये. मोठी कंपनी निवडक माणसांसाठी ते भरेल. नव्या कंपनीच्या खात्यात कधीकधी एकूण तेवढेच असतात.

एक लाख डॉलर या रकमेला सिलिकॉन व्हॅलीत इतिहास आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये अँडी बेख्तोल्सहाइम यांनी स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना बरोबर एवढ्याच रकमेचा चेक लिहून दिला. चेक गूगल कंपनीच्या नावाचा होता आणि त्या नावाची कंपनी तोवर नोंदलेलीही नव्हती. ती सप्टेंबरमध्ये नोंदली. दोन विद्यार्थ्यांपैकी सर्गे ब्रिन सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर मॉस्कोहून आलेला. चेक लिहिणारे बेख्तोल्सहाइम जर्मनीहून शिकायला आलेले. त्यांनी १९८२ मध्ये ज्यांच्याबरोबर सन मायक्रोसिस्टिम्स काढली, त्यांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. बाहेरून आलेल्यांनी कंपन्या काढल्या आणि त्या पैशातून पुढच्यांना उभं केलं, अशी ती साखळी. तेव्हा एक लाख डॉलर कंपनी सुरू करायला पुरत होते. आज तेवढेच एका माणसाच्या अर्जावर मागितले जातात.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी पुण्यात इंजिनिअर होऊन तिकडे एमएसला गेली. शिक्षण संपल्यावर बारा महिने कामाची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. त्या बारा महिन्यांत स्वतःची कंपनी चालवता येते आणि ती तिने वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर सुरूही केली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही मुदत आणखी चोवीस महिने वाढवून मिळते. त्यासाठी आय-९८३ नावाचा फॉर्म भरायचा. फॉर्म म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. विद्यार्थी काय शिकणार, त्याच्यावर देखरेख कोण करणार, प्रगती कशी मोजणार, वर्षाअखेरीला मूल्यमापन, आणि खाली कंपनीच्या वतीने सही. ती सही विद्यार्थ्याने स्वतः करून चालत नाही. कंपनीत माणसं दोन आणि दोघींनाही तोच फॉर्म भरायचा. मुलीने फॉर्म आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. देखरेख करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेपायी कंपनी मिटली. ती मुलगी आता एका मोठ्या कंपनीत नोकरी करते, पगार उत्तम आहे. मैत्रीण म्हणते, चांगलंच झालं की. मला तसं वाटत नाही. तिला शिकवायला, तिच्यावर देखरेख करायला कोणी हवं, ही त्या फॉर्मची समजूत होती. प्रत्यक्षात ती दुसऱ्यांना काम देऊ पाहत होती.

ज्योती बन्सल यांची गोष्ट जगजाहीर आहे, त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. दिल्लीच्या आयआयटीतून शिकून ते २००० मध्ये अमेरिकेत गेले. कंपनी काढायची हे ठरलेलं होतं, पण एच-१बीवर दुसऱ्याची नोकरी सोडून आपला धंदा करता येत नाही. सात वर्षं थांबले. हवी ती परवानगी हाती आल्यावर २००८ मध्ये ॲपडायनॅमिक्स काढली. जानेवारी २०१७ मध्ये सिस्कोने ती ३७० कोटी डॉलरला घेतली. त्या कंपनीत पुढे ज्यांना नोकऱ्या मिळाल्या, त्यांना त्या आणखी लवकर मिळू शकल्या असत्या.

कुणाल बहल थांबले नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून मायक्रोसॉफ्टमध्ये काम करत होते. २००७ मध्ये व्हिसा मिळाला नाही, ते भारतात परतले आणि २०१० मध्ये स्नॅपडील सुरू झाली. आपला फायदा झाला, मान्य. पण कोणाच्या तरी नकाराच्या चिठ्ठीवर आपला फायदा होत राहावा, हे काही धोरण नाही.

आणि आजचे बन्सल सात वर्षांवर सुटत नाहीत. नोकरीच्या आधारे वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्के, हे गणित आइसलँडला आणि भारताला एकच. शिक्षित भारतीयांची रांग त्यामुळे दशकाहून लांब गेली आहे. जुलै २०१९ मध्ये ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. कायदा झाला नाही.

संस्थापकांच्या व्हिसाचंही तेच. २०१० मध्ये जॉन केरी आणि रिचर्ड लूगर, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन सिनेटर, यांनी स्टार्टअप व्हिसाचं विधेयक आणलं. मला ते आजही सगळ्यांत शहाणं वाटतं. अडीच लाख डॉलर गुंतवणूक उभी करा, त्यातले किमान एक लाख पात्र अमेरिकी गुंतवणूकदाराचे हवेत. दोन वर्षांचा सशर्त व्हिसा घ्या. दोन वर्षांत घरच्यांना सोडून पाच माणसांना नोकरी द्या आणि दहा लाख डॉलरची गुंतवणूक किंवा तेवढी उलाढाल दाखवा. जमलं तर राहा, नाही तर परत जा. कोण काढू शकतं, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. विधेयक पडून राहिलं. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या मोठ्या इमिग्रेशन विधेयकात उद्योजकांचा व्हिसा होता, पण प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने तो सेमीकंडक्टरच्या विधेयकात घालून मंजूर केला, पण अंतिम कायद्यातून तो गाळला गेला. संस्थापकांना दोन्ही पक्षांत उघड वैरी फारसे नाहीत. पण त्यांचा मुद्दा कायम सीमेच्या आणि बेकायदा स्थलांतरितांच्या भांडणाला बांधला जातो आणि त्या भांडणाबरोबर बुडतो.

संसद करत नाही म्हणून ओबामा सरकारने जाता जाता, जानेवारी २०१७ मध्ये, एक नियम प्रसिद्ध केला. कंपनीत किमान दहा टक्के मालकी आणि अडीच लाख डॉलरची पात्र गुंतवणूक असलेल्या संस्थापकाला तीस महिने, आणि काम चांगलं चाललं तर आणखी तीस महिने, पॅरोलवर राहू द्यायचं. वर्षाला २,९४० जण येतील असा सरकारी अंदाज होता. तो नियम लागू व्हायच्या आठवडाभर आधी ट्रम्प सरकारने पुढे ढकलला. गुंतवणूकदारांची संघटना कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये जिंकली. सरकारने मग नियमच रद्द करायचा प्रस्ताव आणला. बायडन सरकारने २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला. एवढ्या धरसोडीनंतर त्या नियमावर आपलं आयुष्य कोण टाकेल? पॅरोल सरकारच्या मर्जीवर आहे, तो व्हिसा नव्हे, आणि त्यातून ग्रीन कार्डाकडे वाटही जात नाही. प्रत्यक्ष अर्ज त्या अंदाजाच्या जवळपासही गेले नाहीत.

अडचण किती खरी होती ते एका जहाजावरून कळतं. २०११ मध्ये ब्लूसीड नावाच्या कंपनीने कॅलिफोर्नियाच्या हाफ मून बे गावासमोर, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, एक मोठं जहाज उभं करायचं ठरवलं. ज्यांना व्हिसा मिळत नाही त्या संस्थापकांनी जहाजावर राहून काम करायचं आणि भेटीगाठींसाठी व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर बोटीने किनाऱ्यावर यायचं. जहाज कधी आलं नाही, पैसे उभे राहिले नाहीत. पण शहाण्यासुरत्या माणसांनी त्यावर वर्षं घालवली, आणि तिथे राहायला यायला तयार असलेल्या कंपन्याही पुढे आल्या होत्या.

तो भेटीचा बी-१ व्हिसा मिळणंही सोपं नाही. बांद्रा-कुर्ला संकुलात अमेरिकी वकिलातीबाहेर सकाळी जाऊन बघा. फोन आत नेता येत नाही, म्हणून तो बाहेर कुणाकडे तरी ठेवायचा, फाइल छातीशी धरायची आणि रांगेत उभं राहायचं. खिडकीवर मिनिटंच मिळतात. कायद्याचं कलम २१४(ब) सांगतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असं अधिकाऱ्याने धरून चालावं. तसं नाही हे सिद्ध करायचं ते अर्जदाराने. आता चोविशीतला संस्थापक डोळ्यांपुढे आणा. लग्न नाही, घर नाही, नोकरी सोडलेली, कंपनी डेलावेअरची, गुंतवणूकदार सॅन फ्रान्सिस्कोचा. त्या खिडकीवर परत येण्याची खात्री देणारा एकही कागद त्याच्याकडे नसतो.

व्हिसा वाटले की लबाड येतात, हा आक्षेप मी उडवून लावत नाही. कॅनडाने २०१३ मध्ये स्टार्टअप व्हिसा सुरू केला, सोबत थेट कायमचं वास्तव्य देऊ केलं आणि सिलिकॉन व्हॅलीत फलक लावून एच-१बीने गांजलेल्यांना बोलावलं. पुढे शिफारसपत्रं देणाऱ्या संस्थांचा बाजार झाला, निकालाला तीन वर्षांवर वेळ लागू लागला, २०२४ मध्ये प्रत्येक संस्थेला वर्षाला दहाच कंपन्यांची मर्यादा घालावी लागली आणि २०२५ संपताना नवे अर्ज घेणंच थांबलं. कॅनडाची चूक मला स्पष्ट दिसते. बक्षीस आधी दिलं आणि परीक्षा नंतरसुद्धा घेतली नाही. केरी-लूगर मसुद्यात परीक्षा होती आणि तिला तारीख होती.

नोकऱ्या जातात हा दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही. संस्थापक कुणाची जागा अडवत नाही. नॅशनल फाउंडेशन फॉर अमेरिकन पॉलिसी या संस्थेने २०२२ मध्ये शंभर कोटी डॉलरच्या वर मूल्य असलेल्या ५८२ खासगी अमेरिकी कंपन्या तपासल्या. ३१९ कंपन्यांच्या संस्थापकांत किमान एकजण स्थलांतरित होता. यातले बरेचसे विद्यार्थी म्हणून, नोकर म्हणून, कुटुंबाबरोबर आले आणि वाट काढून संस्थापक झाले. संस्थापक म्हणून सरळ दारातून येण्याची सोय त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.

आता आपल्याकडे. भारतातही परदेशी संस्थापकासाठी वेगळा स्टार्टअप व्हिसा नाही. स्टार्टअप इंडियाची घोषणा जानेवारी २०१६ मध्ये झाली, ती इथल्यांसाठी. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदाराला निवासाचा दर्जा द्यायचं ठरवलं: अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा छत्तीस महिन्यांत पंचवीस कोटी रुपये आणा आणि दरवर्षी वीस भारतीयांना रोजगार द्या. ही रक्कम बड्या कंपनीची आहे, दोन मुलांच्या कल्पनेची नव्हे. रोजगार व्हिसावर यायचं तर वर्षाला किमान सव्वासोळा लाख पगार दाखवावा लागतो. त्यातून परदेशी पदार्थ करणाऱ्या आचाऱ्यांना आणि भाषाशिक्षकांना सूट आहे, स्वतःची कंपनी काढणाऱ्याला नाही. नैरोबीची किंवा काठमांडूची एखादी मुलगी सिंबायोसिसमध्ये वा फर्ग्युसनमध्ये शिकते, इथल्या मित्रांबरोबर काही उभं करते. नेपाळच्या मुलीला तहामुळे इथे राहायला व्हिसा लागत नाही, ती तरते. नैरोबीच्या मुलीचा विद्यार्थी व्हिसा संपला की तिच्यापुढे तोच प्रश्न येतो: तू कोणाकडे नोकरीला आहेस?

अमेरिकेच्या एक लाख डॉलरवर इथे रोज संताप होतो आणि तो रास्त आहे. पण पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलांना आपण काय देऊ करतो, हे विचारायला कोणी उठत नाही. मुलांना तिकडे पाठवायला चाळीस लाखांचं कर्ज काढणाऱ्या आईवडिलांना माझं सांगणं एवढंच: मुलाच्या डोक्यात नोकरी नसून कंपनी असेल, तर प्रवेशाआधी आय-९८३ फॉर्म उघडून एकदा वाचा. आणि केंद्रीय गृहमंत्रालयाकडे मागणी अशी: परदेशी संस्थापकासाठी पगाराची अट काढा, त्याजागी दोन वर्षांची मुदत, खऱ्या गुंतवणुकीची अट आणि इथल्या पाच माणसांच्या नोकऱ्यांची अट घाला. मसुदा २०१० पासून लिहून तयार आहे. तो उचलायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.